फुगवटा

माझं काम आकड्यांचं.
राजाराम बंधाऱ्यावरून फोन येतो,
मी वहीत लिहिते: फूट, इंच, वेळ.
एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका.
मधल्या चार फुटांत
चिखली-आंबेवाडीची माणसं गुरं सोडून आणतात
आणि मी टेबलाच्या कडेला
ओटीपोट दाबून धरते.

"दहापैकी किती?" इंगवले मॅडम विचारतात.
फूट-इंचात विचारलं असतं तर सांगितलं असतं.
बारा वर्षं कुणी मोजलंच नव्हतं.
आई म्हणायची, पोर झालं की थांबतंय बघ.
रंकाळ्याजवळच्या डॉक्टरांनी आधी जंताचं औषध दिलं,
मग पित्ताचं, मग
"टेन्शन घेऊ नका."
शेजारच्या टेबलावरच्या मगदूमला
माझ्या रजेची तारीख तोंडपाठ.
हसायचा नाही, तेवढं बरं.

मॅडमनी कागदावर गर्भाशय काढलं.
दोन बाजूंना दोन नळ्या,
म्हशीच्या तोंडासारखं दिसलं मला.
पाळीचं रक्त खाली येतं, म्हणाल्या,
पण थोडं उलटं, या नळ्यांतून पोटात जातं.
सोबत अस्तराचे कण.
ते अंडाशयावर, आतड्यावर बसतात, मूळ धरतात,
आणि आपण अजून घरीच आहोत असं समजून
दर महिन्याला पाझरतात.

मी म्हटलं, फुगवटा.
पुढं पाणी तुंबलं की नदी मागं सरते,
जयंती नाल्यात शिरते, नाला गटारात.
वर लख्ख ऊन असतं
आणि न्हाणीच्या मोरीतून
पाणी बुडबुडत वर येतं.

"एवढं सोपं असतं तर," मॅडम म्हणाल्या.
उलटं तर बहुतेक बायकांत वाहतं.
त्यांचं शरीर गाळ धुऊन काढतं.
तुमच्यानं का ठेवून घेतला?
नीट माहीत नाही अजून कुणालाच.
पहाऱ्यावरच्या पेशी पेंगल्या असतील.
आई-मावशीकडून आलं असेल.
नाहीतर पोटाच्या आतली पेशीच
वेश बदलून गर्भाशयाची झाली असेल,
तिथं पाणी पोचलंच नसेल.
कुणाकुणाच्या फुप्फुसाजवळही सापडतं.
म्हणजे तिसऱ्या मजल्यावर चिखल,
आणि जिन्यात पुराची रेघच नाही.

खात्रीनं सांगणारे पुष्कळ भेटले होते.
हे "माहीत नाही" मला
पहिल्यांदा माझ्या बाजूचं वाटलं.

आईची थोरली बहीण कुसाक्का, कागलला दिलेली.
महिन्यातले चार दिवस
चुलीपुढची वीट फडक्यात गुंडाळून पोटाशी धरायची.
मूल झालं नाही. सवत आली.
गावानं नाव ठेवलं: कामचुकार.
तिच्या पोटात काय होतं
ते कुणी उघडून पाहिलं नाही.
वीट तेवढी माझ्याकडं आली,
रबरी पिशवी होऊन.

माझं उघडलं. दुर्बिणीनं, तीन भोकांतून.
नंतर मॅडमनी पडद्यावर दाखवलं.
डाव्या अंडाशयात चॉकलेट सिस्ट.
नाव ठेवणारानं गुऱ्हाळ पाहिलं नसावं.
ती काकवी होती,
तळाला राहिलेली, काळी, चिकट.
आणि आतडं अंडाशयाला असं धरून बसलेलं
जसे महापुरानंतर रेकॉर्ड रूममधले सातबारे,
एक पान उचलावं
तर खालचं फाटून येतं.
किती महिने सोडवत बसलो होतो आम्ही,
पंख्याखाली, सुतळीवर वाळत घालून.
मॅडमना साडेतीन तास लागले.

परत येऊ शकतं, म्हणाल्या. गोळ्या चालू ठेवा.
मी विचारलं नाही कधी.
अलमट्टीचं कोण सांगतं?

आता वहीच्या समासात
पेन्सिलनं एक जादा आकडा टाकते.
साहेबांना वाटतं, वाऱ्याचा वेग.
काल चार. आज पहाटे सहा.
फोन ठेवला की मगदूम विचारतो,
"उतरतंय काय?"
कशाचं विचारतोय ते मी विचारत नाही.
म्हणते,
स्थिर.